रंध्याची जन्मतारीख

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी जा, फुटपाथवरच्या ढिगातून एखादा गंजलेला पाना उचला आणि उलटसुलट करून बघा. विक्रेता हमखास म्हणणार, “ब्रिटिशकालीन आहे, साहेब.” शेजारी पडलेल्या पकडीवर ‘मेड इन इंडिया’ असं स्वच्छ छापलेलं असतं. तीसुद्धा ब्रिटिशकालीनच. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, हाच शब्द जरा जास्त भावाने विकला जातो. माझी त्याबद्दल तक्रार नाही. विकणाऱ्याने वस्तूचं कौतुक केलंच पाहिजे, आणि ‘ब्रिटिशकालीन’ म्हणजे ‘जड आहे, तुटणार नाही’ एवढाच अर्थ आहे हे दोन्ही बाजूंना माहीत असतं.

मला बोलायचंय ते दुसऱ्या टोकाच्या लोकांबद्दल. हे लोक तोच रंधा हातात घेतात, मोबाइलवर एक तक्ता उघडतात, पाच मिनिटं निरखतात आणि सांगतात, “टाइप अकरा. १९१० ते १९१८.” गेली चार-पाच वर्षं मीही त्यांच्यातलाच एक आहे. दिवसा कोड लिहायचा आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी भंगारात हात काळे करायचे, असा माझा आठवडा असतो. म्हणून हा तक्ता मला एखाद्या पुस्तकासारखा तपासावासा वाटतो. तो काय वाचायला शिकवतो, कसं शिकवतो आणि कशाकडे डोळेझाक करायला लावतो?

आधी त्याचं कौतुक, कारण ते खरंच करण्यासारखं आहे. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन गावी स्टॅन्ले रूल अँड लेव्हल नावाची कंपनी होती. लेनर्ड बेली नावाच्या कारागिराने १८६७ मध्ये लोखंडी रंध्याची पेटंटं घेतली होती, ती या कंपनीने १८६९ मध्ये विकत घेतली. त्यानंतर जवळपास शंभर वर्षं कंपनी तोच रंधा बनवत राहिली आणि त्यात बारीकसारीक बदल करत राहिली. पातं डावी-उजवीकडे हलवायची दांडी १८८५ च्या सुमारास आली. १९०२ च्या आसपास ‘बेली’ हे नाव थेट ओतीव अंगावर उमटायला लागलं. पातं ज्या उतारावर टेकतं त्या भागाला ‘फ्रॉग’ म्हणतात. त्याच्या मागे, रंध्याच्या अंगावरच पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतात. २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२ आणि १९ एप्रिल १९१० अशा तिन्ही दिसल्या तर तक्ता म्हणतो, टाइप अकरा. पुढची मूठ बुटकी आहे की उंच? पहिल्या महायुद्धानंतर ती उंच झाली. पातं दाबणाऱ्या लोखंडी टोपीवरचं भोक किल्लीच्या भोकासारखं आहे की राजम्याच्या दाण्यासारखं? राजमा असेल तर १९३३ नंतरची. पात्यावर बदामाच्या आकारात ‘एस. डब्ल्यू.’ अक्षरं असतील तर साधारण १९२० ते १९३५. हा बदाम प्रेमाबिमाचा नाही. कंपनीचे अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या आडनावावरची ती कोटी आहे.

मला सगळ्यात आवडतो तो टाइप सतरा, दुसऱ्या महायुद्धातला. पितळ युद्धाला लागत होतं, म्हणून पातं वर-खाली करायची चकती कडक रबराची केली. शिसवी मुठींच्या जागी साधं, रंग दिलेलं लाकूड आलं. रंधा हातात घेतला की एका देशाने कशावर काटकसर केली ते बोटांना कळतं. गंमत म्हणजे युद्ध संपल्यावर बऱ्याच मालकांनी ती रबरी चकती फेकली आणि पितळेची बसवली. त्यामुळे गरीब दिसणारा टाइप सतरा हाच खरा, आणि देखणा दिसला की शंका घ्यायची. असं उलटं वाचायला शिकवणारा तक्ता कोणाला आवडणार नाही?

हे टाइप वीस आहेत आणि संग्राहकांनी ते वर्षानुवर्षं जुने रंधे आणि कॅटलॉग जुळवून ठरवले. रॉजर स्मिथ यांचं या कामातलं नाव मोठं. पण इथेच पहिली अडचण येते. स्टॅन्ले कंपनीला ‘टाइप’ माहीतच नव्हते. न्यू ब्रिटनच्या कारखान्यात कोणीही सकाळी उठून “आजपासून टाइप बारा” असं म्हटलं नाही. माझ्या धंद्यात प्रत्येक बदलाला नंबर असतो, कोणी, कधी, का केला याची नोंद असते. इथे नोंद नव्हती, नंबर मागाहून दिले. नव्या मुठींचा साचा आला तरी जुन्या मुठींची पेटी संपेपर्यंत त्याच लावल्या जायच्या. गोदामात मागे राहिलेली जुनी ओतीव अंगं नंतर कधीतरी पुढे यायची. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडतानाच एखादा रंधा अर्धा अकरा आणि अर्धा बारा असू शकतो. तक्त्याच्या रकान्यात तो बसत नाही. मग खरेदीदार म्हणतो, “भाग बदललेत,” आणि भाव पाडतो. बिचाऱ्या रंध्याने काहीच केलेलं नसतं.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे आणि ती मला पात्याकडे बघताना जाणवली. कंपनीने आपला शिक्का मारला तो पात्यावर, आणि शिक्का वारंवार बदलला. म्हणून काळ ठरवायला पातं सगळ्यात सोयीचं. पण रंध्यातली झिजणारी वस्तू म्हणजे पातंच. रोज धार लावायची, दर धारेला ते थोडं आखूड होणार आणि काही वर्षांनी दुसरं आणावं लागणार. म्हणजे जो भाग सगळ्यात बोलका, तोच सगळ्यात कमी भरवशाचा. मूळ पातं पूर्ण लांबीचं, कोरं करकरीत मिळालं तर संग्राहक खूश होतात. मला त्यातून एवढंच दिसतं की हा रंधा कोणी फारसा वापरलाच नाही.

पुण्यात राहून या प्रश्नावर विचार करताना भांडारकर संस्था आठवली नसती तर नवल. तिथे १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार होत होती. १९२५ पासून वि. स. सुखटणकर तिचे प्रमुख संपादक होते. देशभरातली हस्तलिखितं गोळा करायची, पाठभेद मांडायचे, मागाहून घुसलेलं काय ते ओळखायचं आणि जास्तीत जास्त जुना पाठ उभा करायचा, असं ते काम. गणपतीने महाभारत लिहून घेतलं ही आपल्या सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट त्या आवृत्तीत मुख्य संहितेतून बाहेर, परिशिष्टात गेली. या आवृत्तीवर तेव्हापासून एक आक्षेप घेतला जातो, की सिद्ध झालेली ही संहिता जशीच्या तशी कुठल्याच हस्तलिखितात नाही. कोणीही, कधीही नेमकं हेच महाभारत वाचलेलं नाही.

‘शुद्ध टाइप अकरा’ हीसुद्धा अशीच एक सिद्ध संहिता आहे. फरक इतकाच की भांडारकरच्या संपादकांनी बाहेर काढलेलं सगळं तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवलं. गणपती तिथेही आहे, फक्त कुठल्या पोथ्यांत आहे आणि कुठल्या पोथ्यांत नाही ते सांगितलंय. रंध्याचे संग्राहक काय करतात? पाच मोडक्या रंध्यांचे सुटे भाग जुळवून एक ‘शुद्ध’ रंधा बनवतात आणि उरलेलं भंगारात टाकतात. तळटीप नाहीच. वीस वर्षांनी तो रंधा दुसऱ्याच्या हातात जाईल तेव्हा तो पुरावा म्हणून वाचला जाईल आणि तक्ता आणखी पक्का होईल. एखाद्या मॉडेलला त्याचाच आउटपुट खाऊ घालावा, तसला हा प्रकार.

इतिहासवाल्यांकडे यासाठी साधी शिस्त आहे. पूर्वमर्यादा आणि उत्तरमर्यादा वेगवेगळ्या ठरवायच्या. अंगावर १९१० ची पेटंट तारीख आहे, म्हणजे हे ओतकाम त्याआधीचं नाही, एवढंच सिद्ध होतं. ते १९१० सालचं आहे असं होत नाही. बाजारात नव्वद टक्के घोळ इथेच होतो (हा आकडा माझ्या चिडचिडीचा आहे, मोजलेला नाही). पेटंटची तारीख वाचून लोक तीच वस्तूची जन्मतारीख समजतात.

आता तक्त्यावरून नजर काढून आपल्या ढिगाकडे येऊ, कारण आपल्याकडच्या ढिगात अमेरिकन स्टॅन्ले क्वचित निघतो. निघतो तो ‘मेड इन इंग्लंड’ स्टॅन्ले. कंपनीने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेफील्डमध्ये कारखाना घेतला, तिथला. त्याला हा अमेरिकन तक्ता लागू होत नाही, तरी सर्रास लावला जातो. नाहीतर मग शेफील्डचाच ‘रेकॉर्ड’. बेलीची पेटंटं संपल्यावर हॅम्प्टन कंपनीने १९३१ पासून हे रंधे बनवले आणि नंबरसुद्धा स्टॅन्लेचेच घेतले, पुढे फक्त शून्य लावलं. स्टॅन्लेचा पाच, रेकॉर्डचा शून्य पाच. कॉपी मारताना निदान व्हेरिएबलचं नाव बदलतात तसं.

आपल्याकडच्या हत्यारांचा काळ ठरवायचा तर कारखान्यापेक्षा ते कोणाच्या ताब्यात होतं हे जास्त उपयोगी पडतं. एखाद्या पान्यावर ‘जी. आय. पी. आर.’ असा ठसा असेल तर तो ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धाववणाऱ्या कंपनीचा. ५ नोव्हेंबर १९५१ ला या रेल्वेची मध्य रेल्वे झाली, त्याच दिवशी बी. बी. अँड सी. आय. ची पश्चिम रेल्वे झाली. म्हणजे ठशाची उत्तरमर्यादा मिळाली. पाना आधीचा असेल, १९५१ नंतरही परळच्या वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं फिरला असेल, पण ठसा मारणारा हात त्या तारखेच्या अलीकडचा असण्याची शक्यता फार कमी. (रेल्वेची अक्षरं असलेले पितळी कंदील आणि कुलपं मात्र जपून घ्या. त्यांचा ‘इतिहास’ गेल्या महिन्यातला असू शकतो. साध्या लोखंडी पान्याची नक्कल करायला कोणी बसत नाही, हा गरीब वस्तूंचा फायदा.)

बाणाच्या टोकासारखी खूण दिसली तर सरकारी मालमत्ता. घडीच्या लाकडी फूटपट्टीवर ‘रेबोन’ असेल तर बर्मिंगहॅमची, पण ‘रेबोन चेस्टरमन’ असं जोडनाव असेल तर १९६३ नंतरची, कारण त्या वर्षी दोन कंपन्या एक झाल्या. म्हणजे ती छान पिवळी पडलेली ‘ब्रिटिशकालीन’ पट्टी नेहरूंच्या शेवटच्या वर्षांतली किंवा त्यानंतरची. ‘वेस्ट जर्मनी’ म्हटलं की १९४९ ते १९९०, दोन्ही मर्यादा एका शब्दात. करवतीच्या मुठीतल्या पितळी बिल्ल्यावर ‘डिस्टन अँड सन’ आहे की ‘अँड सन्स’? फिलाडेल्फियाच्या हेन्री डिस्टनने एक मुलगा धंद्यात घेतला तो १८६५ मध्ये, अनेकवचन झालं १८७१ मध्ये. घरच्या घडामोडी करवतीवर.

आणि एक नियम, जो इकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फार फिरतो. ‘इंग्लंड’ असं लिहिलेलं असलं तर १८९१ नंतरचं, नसलं तर आधीचं. याचं मूळ अमेरिकेच्या जकात कायद्यात आहे. तिकडे आयात होणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं असा नियम १८९१ पासून लागू झाला. मुंबईला उतरणाऱ्या मालाला अमेरिकेच्या जकातीशी काय देणंघेणं? देशाचं नाव नसलेली पटाशी १८८० ची असेल किंवा १९२० ची. पण नियम सोपा आहे, लक्षात राहतो, म्हणून चालतो.

पाने हा वेगळाच विषय आहे. ‘१/२ डब्ल्यू’ लिहिलेल्या पान्याचं तोंड मोजलं तर अर्धा इंच भरत नाही, जवळजवळ ०.९२ इंच भरतं. नवखा माणूस समजतो, झिजून मोठं झालं. खरं तर तो आकडा बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो, माथ्याची रुंदी नाही. ही व्हिटवर्थची पद्धत १८४१ ची. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा १९५६ ला झाला, आणि हे पाने हळूहळू निरुपयोगी झाले. बाजारात ते अजून ढिगाने मिळतात याचं कारण ते आवडीने जपलेत असं नाही. ते बसतील असे बोल्ट उरले नाहीत आणि पाने तुटले नाहीत, एवढंच.

गिरणगावातून आलेली हत्यारं बघताना मला तक्त्याचा सगळ्यात मोठा दोष दिसतो. हत्याराला निदान तीन तारखा असतात. ते बनलं ती, वापरात होतं तो काळ, आणि ते हातातून सुटलं ती. तक्ता फक्त पहिली विचारतो. टूलरूममधून हत्यार घेताना कामगार आपल्या नंबराचा पितळी बिल्ला ठेवायचा, परत करताना बिल्ला घ्यायचा. असे बिल्ले आता जुन्या बाजारात प्लास्टिकच्या टोपलीत, नाण्यांच्या शेजारी मिळतात. बिल्ला बाजारात आला म्हणजे ती देवाणघेवाण कुठेतरी अर्ध्यावर थांबली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतरची सालं या टोपलीला लागू पडतात. पण ‘कलेक्टिबल’ म्हणून तिचं वर्णन करणाऱ्या पोस्टमध्ये काय लिहिलेलं असतं? ‘विंटेज ब्रास टोकन, ब्रिटिश एरा.’ तिथे साल चुकलंय, आणि त्या साल चुकण्यात माणसंही गायब झालीत.

आता थोडं रिस्टोरेशनच्या व्हिडिओंबद्दल. मी ते बघतो, रात्री झोप येत नसली की हमखास बघतो. गंजाचा गोळा येतो, बोलणं शून्य, नुसते घासण्याचे आवाज, आणि वीस मिनिटांत आरसा. काही व्हिडिओंत तर गंजही मुद्दाम चढवलेला असतो. करमणूक म्हणून माझी हरकत नाही. पण वाचन म्हणून बघितलं तर हा प्रकार म्हणजे पोथी धुऊन इस्त्री करणं. वायर-व्हील फिरलं की मूळचा काळा भाजलेला लेप जातो. तळ काचेवर घासून सपाट केला की आधीच्या माणसाच्या हाताचा कल जातो. तो कुठल्या बाजूला जोर द्यायचा, फळीच्या कडा जास्त तासायचा की पृष्ठभाग, हे त्या झिजेत असतं. मुठीवरचा घामाचा काळा थर पॉलिश पेपरखाली जातो आणि खालून कॅटलॉगमधलं लाकूड निघतं. गंज मात्र काढावाच लागतो, तो ठसे खातो. त्याला रॉकेल, पितळी ब्रश आणि पुष्कळ वेळ पुरतो. त्याचा व्हिडिओ कोणी बघणार नाही, हे मान्य.

तक्त्याला सगळ्यात कमी दिसतो तो आपल्या सुतारांचा लाकडी रंधा. शिसवी किंवा बाभळीचा ठोकळा, मध्ये घळ, पातं आणि पाचर. सुतार तो स्वतः करायचा किंवा ओळखीच्याकडून करून घ्यायचा. त्याला पेटंट नाही, कॅटलॉग नाही, शिक्का नाही. म्हणून त्याला टाइप नाही, साल नाही आणि भावही नाही. आपल्याकडे लग्नातल्या तांब्यावर टिंबाटिंबांनी नाव आणि तारीख घालतात. आजीच्या पिंपावरून मी घरातल्या तीन लग्नांची सालं सांगू शकतो. सुतारांच्या रंध्यावर तशी टिंबं मला अजून एकदाही सापडलेली नाहीत. कदाचित ज्याने स्वतःच्या हाताने ठोकळा कोरला त्याला तो ओळखायला नावाची गरज वाटत नसेल.

गेल्या पावसाळ्याआधी जुन्या बाजारात माझ्या शेजारी एक गृहस्थ असा लाकडी रंधा बघत होते. त्यात शेफील्डच्या वॉर्ड अँड पेनचं पातं होतं, ठसा वाचता येत होता. त्यांनी पाचर सैल केली, पातं काढून विक्रेत्याला विचारलं, “एवढंच घेतलं तर?” दीडशेत सौदा झाला. पातं त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलं. लाकूड परत ढिगात पडलं.

ते मी उचलून बघितलं. तळाला, पातं बाहेर येतं त्या फटीच्या पुढे, वेगळ्या लाकडाचं एक ठिगळ बसवलेलं होतं. लाकडी रंध्याचा तळ झिजला की फट रुंद होते, छिलका फाटून निघतो, मग पुढे तुकडा बसवून फट पुन्हा अरुंद करतात. इथे मूळ तळ झिजला होता, मग ठिगळ आलं होतं, आणि नंतर ते ठिगळही तळाच्या बरोबरीने झिजून त्याच्या पुढे पुन्हा फट रुंद झाली होती. मागच्या बाजूला हातोड्याच्या ठोक्यांचा खळगा होता, अंगठा पूर्ण बसेल एवढा. त्यात साल कुठेच नव्हतं, पण क्रम नीट लागत होता. विक्रेत्याने त्याचे तीस रुपये सांगितले आणि वर म्हणाला, “ब्रिटिशकालीन आहे.”